रंग नको, पडदे मोजा

‘खोल समुद्रातली समुद्रफुलं रंगावरून आणि शुंडकांवरून ओळखतात’ हे लेखातलं वाक्य खटकलं. (समुद्रफूल म्हणजे सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी; शुंडकं म्हणजे त्याच्या तोंडाभोवतीचे बोटांसारखे मऊ अवयव.) मुंबईत बीएस्सीला झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनमधला नमुना आडवा कापला, तेव्हा रंग केव्हाच उडाला होता आणि शुंडकं आखडून आत गेली होती. सरांनी मोजायला लावले ते आतले उभे पडदे: जोड्या किती, स्नायू कुठल्या बाजूला. मग सूक्ष्मदर्शकाखाली दंशपेशी.

अर्थात पडदेही फसवतात. पूर्व पॅसिफिकमधल्या उष्ण झऱ्यांच्या परिसरातला, जवळपास २ मीटर लांब शुंडकांचा जीव २००६ मध्ये शरीररचनेवरून बोलोसेरॉइडिस या समुद्रफुलांच्या गटात नोंदला गेला. २०१४ मध्ये डीएनएच्या आधारे त्याला समुद्रफुलांच्या गणातूनच बाहेर काढलं, नाव दिलं रेलिकॅन्थस. (त्यावरही पुढे वाद झालाच.) हाजी अलीच्या खडकांतल्या समुद्रफुलांचीही नावं मी आता छातीठोक सांगत नाही.