‘जनसंपर्कात मुलींचेच राज्य’: एक प्रतिवाद

बारावीनंतर मुलांनी काय शिकावे, या चर्चेच्या निमित्ताने सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा : जनसंपर्क हे आता मुलींचेच क्षेत्र झाले आहे, त्यामुळे तेथे स्त्रियांवर अन्याय होतो ही ओरड निराधार आहे, पगारात फरक दिसलाच तर तो मुले झाल्यावरच्या रजांमुळे आणि अर्धवेळ कामामुळे असतो, या कामाला पदवी लागत नाही, चारचौघांत नीट दिसता-बोलता आले की पुरे, आणि विविधतेचा आग्रह धरला की गुणवत्तेवर पाणी सोडावे लागते. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असावा असे मला वाटत नाही, कारण मुलींनी नोकरी करावी असेच त्याला सुचवायचे आहे. परंतु या शहरात काही वर्षे हेच काम केलेली व्यक्ती म्हणून त्यातील एकही विधान मला जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

पहिले विधान संख्येचे आहे आणि संख्येपुरते ते खरे आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत या व्यवसायातील निम्म्याहून अधिक माणसे स्त्रिया आहेत. मात्र संख्येवरून सत्ता मोजता येत नाही, हे सोलापूरकरांना बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या पूर्व भागात विड्या वळणारे हात जवळजवळ सगळे बायकांचे आहेत. तरीही विडी उद्योगात बायकांचे राज्य आहे असे कोणी म्हणत नाही, कारण हजार विड्यांमागे मजुरी किती हे ठरवणारे, आणलेला माल तपासून घेणारे किंवा नाकारणारे आणि कारखान्याचे मालक यांच्यात स्त्री शोधावी लागते. विडीला लावतो तोच हिशेब आपण वातानुकूलित कार्यालयाला लावत नाही, एवढेच.

जनसंपर्कातील हा हिशेब अमेरिकेत बऱ्याच आधी मांडला गेला. व्यावसायिक संवादकांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या स्थितीला ‘मखमली वस्ती’ अशा अर्थाचे नाव दिले होते : आत येण्यास मज्जाव नाही, जागाही मऊ आहे, पण वर जाणारा जिना अरुंद आहे. ग्लेन ब्रूम आणि डेव्हिड डोझियर या अभ्यासकांनी त्याच सुमारास या व्यवसायातील कामांचे दोन गट दाखवले. एका गटात पत्रक लिहिणे, छायाचित्रे मिळवणे, कार्यक्रमाची मांडणी करणे ही तंत्रज्ञाची कामे येतात. दुसऱ्यात संस्थेने काय बोलावे आणि कधी गप्प राहावे हे ठरवणारे व्यवस्थापन येते. स्त्रिया पहिल्या गटात अधिक आढळत होत्या. याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००९ साली आला. १९५० ते २००० या काळातील अमेरिकी जनगणनेच्या आकडेवारीवरून असे दिसले की, एखाद्या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण वाढते तेव्हा त्या व्यवसायाचे वेतनच पुढे घसरते. म्हणजे मजकूर ज्या संख्येला न्यायाचा पुरावा मानतो, ती संख्या उलट वेतन घसरण्याआधीची खूण असू शकते.

आपल्याकडे ‘पीआरओ’ (जनसंपर्क अधिकारी) हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो खासगी रुग्णालयांत. तेथे या एकाच नावाखाली दोन वेगळ्या नोकऱ्या चालतात. एक पीआरओ काचेच्या टेबलामागे बसून नातेवाइकांची समजूत घालतो, विम्याचे कागद पुढे सरकवतो आणि बिलावरून झालेला आरडाओरडा झेलतो. दुसरा गाडी घेऊन अक्कलकोट, मोहोळ, बार्शीच्या डॉक्टरांना भेटत फिरतो, जेणेकरून तेथील रुग्ण आपल्याकडे यावेत. माझ्या पाहण्यात पहिली जागा बहुधा मुलीला आणि दुसरी बहुधा मुलाला मिळते, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीला बोलावणे दुसऱ्याला येते, कारण उत्पन्नाचा आकडा त्याच्या वहीत असतो. ज्या रुग्णालयात मी टेबलामागे होते, तेथे दोघांच्या ओळखपत्रावर पद एकच छापलेले होते. पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा मात्र एक नव्हता.

यावरून दुसऱ्या विधानाकडे येता येते. मुले झाल्यावर स्त्रियांचे उत्पन्न मागे पडते, हे खोटे नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाने ते दाखवून दिले आहे. त्यांनी त्याचे एक मोठे कारणही सांगितले आहे : ज्या नोकऱ्या कोणत्याही वेळी हजर असण्याचा मोबदला देतात, त्यांत घराची जबाबदारी असलेली व्यक्ती मागे राहते. रात्री अकराला वार्ताहराचा फोन उचलावा लागणारे आमचे काम तसेच आहे. पण म्हणून सगळा फरक मातृत्वाच्या खात्यावर टाकता येत नाही. ब्रिटनमधील सनदी जनसंपर्क संस्थेने २०१५ च्या आपल्या पाहणीत सेवाकाळ, पद, पालकत्व आणि अर्धवेळ काम या सर्व गोष्टींचा परिणाम वजा करून पाहिला, तरीही पुरुषांच्या बाजूने वर्षाला ८,४८३ पौंडांचा फरक उरला. आकडा तिकडचा आहे, परंतु ‘रजा वगळल्या की फरक संपतो’ हा मजकुराचा सिद्धान्त मोडायला तो पुरेसा आहे.

आपल्याकडे समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्येच झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कर्मचारी राज्य विम्याच्या बाहेर असलेल्या आस्थापनेत या रजेचा संपूर्ण पगार मालकालाच द्यावा लागतो, त्यामुळे मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न सहज म्हणून विचारला जात नाही. शासकीय माहिती व जनसंपर्क खात्यात एकाच पदावरच्या स्त्री-पुरुषांच्या पगारात असा फरक पडत नाही. तेथे वेतनश्रेणी छापील असते आणि स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. खासगी जाहिरातींत मात्र पगारापुढे ‘अनुभवानुसार’ एवढेच छापतात आणि मग कोण किती घासाघीस करतो यावर सगळे अवलंबून राहते.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. कायद्याने या कामाला परवाना लागत नाही, हे मान्य. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा आणि वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, तसा जनसंपर्कासाठी नाही. १९५८ पासून कार्यरत असलेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाचे सदस्यत्वही ऐच्छिक आहे. परंतु परवाना लागत नाही याचा अर्थ ज्ञान लागत नाही असा होत नाही. रुग्णालयाचे साधे पत्रक काढायचे झाले तरी गर्भलिंगनिदानाची जाहिरात १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, काही विशिष्ट आजार बरे करण्याचा दावा १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातविषयक कायद्यात सापडतो आणि अत्याचारपीडित बालकाची ओळख उघड करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हे ठाऊक असावे लागते. गोड आवाजाने यातले काहीच निभावत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात अमेरिकी जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी या विषयाचा वर्ग १९२३ साली घेतला. सोलापूर विद्यापीठातही पत्रकारिता व जनसंज्ञापनाचे शिक्षण मिळते.

शिवाय पात्रतेचा निकष काढून टाकला की निवड निकषाविना होत नाही, फक्त निकष न लिहिलेला राहतो. मग ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द येतो, ज्याचा अर्थ रंग, वय, कधी कधी आडनावसुद्धा असतो. (हा शब्द मुलाच्या जागेसाठी छापलेला मी अजून पाहिलेला नाही.) पदविका, लेखी चाचणी, आधीच्या कामाचे नमुने यांच्या आधारे निवड झाली, तर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील मुलीला निदान हाती धरून दाखवता येईल असे काही तरी मिळते. दिसण्या-बोलण्यावर निवड झाली, तर ज्यांच्या घरी आधीपासून तसे बोलले जाते त्यांनाच ती मिळते. गंमत अशी की, ज्या बर्नेज यांना या व्यवसायाचे जनक म्हटले जाते, त्यांच्या पत्नी डोरिस फ्लाइशमन कार्यालयात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. लिहिण्याचे आणि आखणीचे मोठे काम त्या करत, पण ग्राहकांसमोर सल्लागार म्हणून बसत नसत, कारण स्त्रीने दिलेला सल्ला ग्राहक हलका मानतील असे त्यांना वाटे. ‘दिसणे’ या निकषाने पात्र स्त्रीलाही कसे पडद्याआड ठेवले, याचे याहून जुने उदाहरण मला माहीत नाही.

विविधता आणि गुणवत्ता यांच्यात निवड करावी लागते, हे शेवटचे विधान सोलापुरात बसून लिहिले गेले असेल तर नवल आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. शहराला पाणी काही दिवसांआड मिळते आणि उजनीच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की तो दिवसही पुढे जातो. तेव्हा ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे’ असे निवेदन व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. पण पाण्यासाठी ज्या बाईला विड्या बाजूला ठेवून घरी थांबावे लागते, तिच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि तिला फक्त वार हवा असतो. निवेदन लिहिणाऱ्या चमूत तिच्या गल्लीतून आलेली, नळाची वेळ सांभाळत वाढलेली एखादी मुलगी असती, तर ‘गुरुवारऐवजी शनिवारी सकाळी पाणी येईल’ हे वाक्य आधी लिहिले गेले असते आणि रिक्षावरचा भोंगा ते दोन भाषांत सांगत फिरला असता.