दुर्बिणीचा 'पाठलाग' करणारा ठिपका आणि आमच्या मामी

काल रात्री चोपड्याहून मामींचा फोन. "भाऊ, हाई खरं शे का? साखरपुडा पुढे ढकलू का?"

'हाई' म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो मेसेज. अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) फोटोत एक ठिपका दिसला, पुढच्या फोटोत फिका झाला, मग गायब. तो पृथ्वीकडे येणारा ग्रह आहे, नासाने खोडला, म्हणून घरोघरी शांती करा. खाली दर आणि नंबर.

सगळ्यात जोरात ठोकलेला मुद्दा: "बाकीचे तारे सरकलेत, हा जागचा हलत नाही, म्हणजे तो दुर्बिणीचा पाठलाग करतोय!" अहो, इथेच तर चोर सापडतो. खगोलवाले दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम जराशी सरकवतात. आकाशातली वस्तू असेल तर ती बाकीच्या ताऱ्यांसोबत सरकणार. हा सरकत नाही, कारण तो आकाशात नाहीच, डिटेक्टरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीत आहे. आधीच्या फोटोत तिथे एखाद्या प्रखर ताऱ्याचा उजेड पडून गेलेला असतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पोत्यात ज्वारी भरून बघा, दोन-चार खेपा ठसका लागेल. पारा-कॅडमियम-टेल्युराइड या संयुगाच्या डिटेक्टरचं तसंच. त्यातल्या बारीक दोषांत थोडे इलेक्ट्रॉन अडकतात आणि पुढच्या फोटोंत हळूहळू सुटतात. आधी भराभर, मग रेंगाळत. म्हणूनच ठिपका फिका होत गेला.

हे गुपितही नाही. 2009 मध्ये हबलवर बसवलेल्या वाइड फील्ड कॅमेरा 3 च्या अवरक्त फोटोंत आधीच्या उजेडाचा असा अवशेष कुठे किती उरला असेल, याचे अंदाज बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट स्वतः प्रसिद्ध करते. शास्त्रज्ञ ते पिक्सेल वगळतात किंवा तेवढा प्रकाश वजा करतात.

"नासा खोडते" यात अर्धा दाणा खरा, मान्य. अंतिम चित्रातून ठिपके काढतात, आणि काही निरीक्षणं सुरुवातीचे काही महिने ती करणाऱ्यांपुरतीच राखीव असतात. पण मुदत संपली की कच्च्या फायली ठिपक्यासकट सगळ्यांना खुल्या.

कुणी विचारेल, "इतक्या थंड यंत्रात आधीच्या ताऱ्याची ऊब कशी उरेल?" ऊब नाही हो, उरतात ते इलेक्ट्रॉन. आणि तो येणारा ग्रह 2003 पासून येतोच आहे, मग 2012 ला येणार होता.

हे सगळं मामींना सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग त्या धाडेल पैसास्नं काय?"