मायनसमधला रिझ

"मामा, तुझा रिझ मायनसमध्ये आहे." मोबाइलवरून मान वर न करता बारा वर्षांच्या भाचीने निकाल दिला. माझा झब्बा नवा होता आणि साडेबाराशेचा होता, एवढं नोंदवून ठेवतो.

दुखणं असं, की शब्द मला ठाऊक होता. २०२३ साली ऑक्सफर्डने त्यालाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. मी लगेच मास्तरकी सुरू केली. 'करिझ्मा'चं डोकं-शेपूट उडवायचं, मधला तुकडा ठेवायचा. इन्फ्लुएन्झाचा फ्लू झाला, तसंच.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे रिझवण्यातलाच ना?"

"नाही गं, इंग्रजी आहे."

"काय करतात त्याने?"

"समोरच्याला... भुरळ घालतात."

"मग रिझवतातच की! झब्बा घालून तुला आता कोणाला रिझवायचंय?"

"मलाही कळू दे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आजी, तू डब्ल्यू आहेस!" भाची खिदळली.

"म्हणजे?"

"विन. जिंकलीस."

"मग जिंकलीस म्हण की. अक्षरं वाचवून कुठे साठवतेस?"

व्युत्पत्ती मी सांगितली, डब्ल्यू मात्र आईला. असो.

या शब्दांचा माल फार नाशवंत. 'स्किबिडी' (अर्थ धड कशालाच नाही), 'डेलुलु' (भ्रमात रमलेला) हे २०२५ मध्ये केंब्रिजच्या शब्दकोशात गेले. मी ते पाठ करून वापरले, तर भाचीने "क्रिंज" म्हणून तोंड फिरवलं. शब्द कोशात गेला की पोरांच्या लेखी तो पेन्शनीत. काही तर मुळातच जुने : ऑक्सफर्डचा २०२४ चा वर्षाचा शब्द 'ब्रेन रॉट', म्हणजे मेंदूची सडण, एका अमेरिकी लेखकाने १८५४ मध्येच छापून ठेवलाय.

खुपतो एकच. अनअलाइव्ह. मरण, आत्महत्या हे शब्द सापडले की सोशल मीडियाच्या चाळणीत व्हिडिओ दाबला जाईल, या धास्तीने काढलेली पळवाट. आपणही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. रात्री सापाला लांबडं म्हणतो. पण ती भीती यमाची, सापाची. ही एका चाळणीची. आणि चाळणी नसते तिथेही पोरं आता तसंच बोलतात. भाचीच्या इतिहासाच्या वहीत परवा वाचलं : 'पानिपतावर विश्वासराव अनअलाईव्ह झाले.'

बाईंनी लाल शाईने फक्त 'ई' ऱ्हस्व केली होती.