“सगळं मीच लिहिलं, मग पैसे कशाचे?” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

टायपिंगचं हे दुकान माझं आहे, म्हणून उत्तरही मीच देतेय. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की, बारा हजार घेतले पण संशोधन अनुदानाच्या अर्जातल्या करिअर डेव्हलपमेंट प्लॅनचा (म्हणजे काय, कुणाकडून, कधी शिकणार त्याच्या आराखड्याचा) तयार नमुना दिला नाही, तुमचा मसुदा तीनदा लाल करून परत केला, ऐन गरजेला फोन उचलला नाही, आणि “शेवटी सगळं मीच लिहिलं, मग पैसे कशाचे?” तुमचं नाव, विषय, तुमचे मार्गदर्शक यातलं काही मी इथे लिहिणार नाही. उदाहरण लागलं तर दुसरंच घेईन.

आधी आमच्या चुका. भाऊबीजेला तुम्ही सात फोन केलेत. मी भावाकडे होते आणि दुकानाचा मोबाइल ड्रॉवरमध्ये. दिवाळीचे चार दिवस बंद राहू, हे पैसे घेतानाच सांगायला हवं होतं, ते राहिलं. वेळापत्रकाच्या तक्त्यात आमच्या ऑपरेटरने दुसरं आणि तिसरं वर्ष उलटं लावलं, तेही तुम्हीच रात्री अकराला पकडलंत. तपासायचं काम माझं होतं. आणि सगळ्यात मोठी चूक दारावरच टांगलेली आहे. “अर्ज, प्रतिज्ञापत्र, प्रबंध लिहून मिळेल” ही पाटी वडिलांनी टाइपरायटरच्या काळात रंगवून घेतली. रेशनच्या अर्जापुरतं ते खरंच होतं. तुम्ही ती वाचून आत आलात, तुमची अपेक्षा चुकीची कशी म्हणू?

पण नमुन्याचं मात्र मला पटत नाही.

एनआयएच म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था. तिच्या ‘के’ नावाच्या मालिकेसारख्या, मार्गदर्शकाच्या हाताखाली करायच्या अनुदानात पैसा प्रकल्पाइतकाच माणसावर लावलेला असतो. साधारणपणे तुमचा किमान ७५ टक्के वेळ त्यात जावा अशी अट असते. परीक्षक उमेदवार, करिअर डेव्हलपमेंट प्लॅन, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक आणि संस्थेतलं वातावरण यांना वेगवेगळे गुण देतात, १ ते ९, त्यात १ सगळ्यात चांगला. (एकांना दोन मिळाले तेव्हा ते तोंड पाडून बसले होते. समजावून सांगितल्यावर पेढे आणले.) उमेदवाराची माहिती, त्याचा प्लॅन आणि संशोधनाची मांडणी हे सगळं मिळून १२ पानं. तिथे दुसऱ्याच्या अर्जातली वाक्यं ओळखू येतात, कारण ती कुणालाही लागू पडतात.

समजा, आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरला यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर काम करायचंय. पहिल्या मसुद्यात हमखास येतं: “बायोस्टॅटिस्टिक्सचा कोर्स करीन, परिषदांना जाईन, शोधनिबंध लिहीन.” हे मी लाल करते. का? कारण त्यात अडचण कुठली ते दिसत नाही. मी विचारते, तुम्हाला नेमकं काय येत नाही? मग हळूहळू बाहेर पडतं. पेशंट तपासता येतो, फुंकायला लावून स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची तपासणी, करता येते. पण सुताच्या धुळीने ज्याची छाती भरली तो माग सोडून जातो, रिक्षा चालवतो, नाहीतर गावी परततो. कारखान्यात जाऊन मोजलं तर उरलेले धडधाकटच सापडणार आणि धूळ निरुपद्रवी ठरणार. त्या गेलेल्यांना शोधून तीन वर्षं धरून ठेवायचं कसं, एकाच माणसाच्या दरवर्षीच्या मोजण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात त्यांचं गणित कसं मांडायचं, आणि कामगाराच्या कॉलरला यंत्र लावून त्याच्या नाकाजवळची धूळ कशी मोजायची, या तीन गोष्टी त्या डॉक्टरला येत नाहीत. झाला प्लॅन! आता प्रत्येक गोष्टीसमोर कोण शिकवणार, कुठे, कोणत्या वर्षी, आणि ती शिकल्यावर संशोधनाचं कोणतं उद्दिष्ट पुरं होणार, एवढं लिहायचं. पहिल्या वर्षी धूळ मोजायला शिकला नाही तर दुसऱ्या वर्षी कारखान्यात जाऊन करणार काय? म्हणून तर तक्त्यातली दोन वर्षं उलटी होणं ही साधी टायपिंगची चूक नव्हती, आणि म्हणूनच मला त्याची जास्त लाज वाटली.

“मला काय येत नाही” हे तुमच्याऐवजी मी लिहू शकत नाही. शिकलेल्या माणसाला ते लिहायला जड जातं, हे मी रोज बघते. आपल्याकडे बायोडेटा म्हणजे काय काय येतं त्याची यादी, तीच सवय. इथे सगळंच येतं असं लिहिलं तर परीक्षक विचारतो, मग मार्गदर्शक कशाला हवा? आणि काहीच येत नाही असं लिहिलं तर पैसे कुणावर लावायचे?

तुमची पहिली लाल खेप यासाठी होती. दुसरी कोर्सच्या यादीसाठी. नऊ होते, त्यातले पाच कशाला हवेत हे तुम्हालाच सांगता आलं नाही, म्हणून काढले. तिसरी खेप मार्गदर्शकांच्या पत्रामुळे. प्लॅनमध्ये “दर आठवड्याला भेट” आणि पत्रात “महिन्यातून एकदा”. परीक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो. फोन करून विचारा म्हटल्यावर तुम्ही वैतागलात, ते मला कळतं. सरांना असं विचारायचं कसं, हा संकोच सगळ्यांनाच असतो.

सोलापूरबद्दल अर्धं पान लिहायला सांगितलं त्यावरही तुम्ही टोमणा मारलाय, की परदेशातल्या परीक्षकाला त्याचं काय. असतं त्याचं काहीतरी. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जातेय. खेड्यातल्या माणसाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा इथे होऊ शकतो, याचा याहून चांगला पुरावा कुठून आणणार? पुण्यामुंबईसारखी प्रयोगशाळा आपल्याकडे नाही हेही त्याच पानात सरळ लिहायचं आणि त्यासाठी कुठे जाणार ते सांगायचं.

आता पैशांचं. सगळं तुम्हीच लिहिलंत हे खरं आहे, आणि तसंच व्हायला हवं होतं. आम्ही पैसे घेतले ते तीन बैठकांत प्रश्न विचारण्याचे, खोडण्याचे, पानं बसवण्याचे. शेवटच्या आठवड्यातल्या तातडीचे म्हणून जे तीन हजार वेगळे घेतले, ते मात्र आमच्या हक्काचे नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही फोन उचलला नव्हता. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात ते आज परत केलेत, बघून घ्या. बाकीचे नऊ हजार मी ठेवतेय. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही.

निकाल मनासारखा आला नाही तर एनआयएचचा अर्ज ३७ महिन्यांच्या आत एकदा सुधारून पाठवता येतो. त्यासोबत परीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर देणारं एक पान जोडावं लागतं. ते कुणाकडूनही तपासून घ्या, पण आमची लाल पानं तेवढी रद्दीत देऊ नका. आणि भेटींचा तो आकडा पत्रात बदलून घेतलात की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. राहिला असेल तर आधी तो बघा.

पेंटरला पाटीसाठी सांगून ठेवलंय. सोमवारी दुकान बंद असतं, हे आता आधीच सांगते.