‘पासवर्ड मॅनेजर वापर’ म्हणणाऱ्यांनो, जरा माझी डिव्हाइसं सेट करून दाखवा

“एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेव, बाकी सगळं पासवर्ड मॅनेजर बघतो.” मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवून जागच्या जागी भरून देणारं ॲप, आणि मास्टर पासवर्ड ही त्या कुलपाची किल्ली. यापुढे हे वाक्य जो कोणी ऐकवेल त्याच्या हातात मी माझा फोन, लॅपटॉप, टॅब आणि टीव्हीचा रिमोट ठेवणार आहे. घे, बघू दे तुझ्या मॅनेजरला.

सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणतच नाहीये. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला की कुठल्यातरी फडतूस साइटवरून तो फुटतो, आणि मग तोच ईमेल, तोच पासवर्ड चोर इतर शेकडो ठिकाणी लावून बघतात. म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, अगम्य पासवर्ड हवा. असे पासवर्ड कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत, म्हणून मॅनेजर हवा. मान्य, शंभर टक्के मान्य. पण एका कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदाने चालणारं हे प्रकरण दुसऱ्या डिव्हाइसवर नेलं रे नेलं, की ब्राउझर, फोन आणि वेबसाइट्स तिघंही त्याच्या पायात पाय घालायला तयार!

ब्राउझरपासूनच बघा. मी मॅनेजरचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची त्याची पुरवणी, टाकलं. लॉगिन केलं की दोन चौकटी एकावर एक उघडतात, ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ एक मॅनेजरची, एक ब्राउझरची. घाईत जिच्यावर बोट पडेल तिकडे पासवर्ड जातो. आठवडाभरात निम्मे पासवर्ड इकडे, निम्मे तिकडे, आणि फोनने स्वतःच्या साठ्यात ठेवलेले काही तिसरेच. ब्राउझरची सोय बंद करायची तर सेटिंगच्या पोटात शिरायचं, आणि लॅपटॉपवर बंद केली म्हणून फोनवर बंद होईलच असं नाही. एकदा नाही म्हटलं की नाही, हे यांना कळत कसं नाही?

जुने पासवर्ड हलवणं हा तर धडधडीत धोका आहे. ब्राउझर सगळे पासवर्ड एका सीएसव्ही फाइलमध्ये काढून देतो. साध्या मजकुरात! कोणीही उघडावी आणि वाचावी. ती डाउनलोड्समध्ये पडून राहते, आणि ते फोल्डर क्लाउडला जोडलेलं असेल तर वर तिची प्रतही जाते. इंपोर्ट झाल्यावर ‘आता ती फाइल उडवा, रिसायकल बिनमधूनही उडवा’ असं मोठ्या अक्षरांत सांगायला नको? मला तर कुठे दिसलं नाही. सुरक्षिततेची पहिली पायरी म्हणून घरातल्या सगळ्या किल्ल्या उंबऱ्यावर मांडून ठेवायला लावतात हे लोक.

फोनवर तर डोक्याचा नुसता भुगा. बाहेरच्या मॅनेजरला ॲपमध्ये पासवर्ड भरू देण्याची रीतसर सोय अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून आहे, आयफोनमध्ये २०१८ पासून. इतकी वर्षं झाली, तरी काही ॲप्समध्ये लॉगिनच्या रकान्यावर बोट ठेवलं की कीबोर्ड येतो, मॅनेजर येत नाही. का? तर हा रकाना पासवर्डचा आहे, एवढी खूण ॲप बनवणाऱ्याने करून ठेवलेली नसते. मग ॲप सोडा, मॅनेजर उघडा, अंगठा लावा, खातं शोधा, कॉपी करा, परत या. परत येईपर्यंत ॲपने पहिलं पान पुन्हा उघडलेलं. आणि सगळे सोपस्कार करून पेस्ट करायला जावं तर पेस्ट बंद!

या पेस्ट बंद करणाऱ्यांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असं वर लिहिलेलं असतं. कसली सुरक्षितता? अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय की पेस्ट करू द्यावं, निदान ६४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड चालू द्यावा आणि दर काही महिन्यांनी उगाच बदलायला लावू नये. ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ हा जाच ज्यांच्या २००३ च्या दस्तऐवजामुळे जगभर पसरला, त्या बिल बर यांनीही २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्यांनी नियम लिहिला त्यांना पटलं, आणि यांना अजून पटत नाही! अजूनही ‘८ ते १२ अक्षरं’, अजूनही ‘विशेष चिन्ह हवंच, पण हे चिन्ह चालणार नाही’. मॅनेजरने बनवलेला पासवर्ड नाकारायचा आणि माणसाने जेमतेम रचलेला स्वीकारायचा, ही कुठली रीत?

त्यातला एक प्रकार तर संतापजनक आहे. एका साइटवर मॅनेजरने बनवलेला २४ अक्षरी पासवर्ड टाकला. ‘पासवर्ड बदलला’ असा हिरवा संदेश आला. फोनवरून लॉगिन केलं, पासवर्ड चुकीचा. लॅपटॉपवर परत आले, तिथेही चुकीचा. मॅनेजरच्या सिंकवर, म्हणजे दोन्ही डिव्हाइसांवर तो एकच पासवर्ड ठेवतोय की नाही यावर, शंका घेत बसले, आणि शेवटी पासवर्डच्या मागची अक्षरं एकेक करून खोडायला लागले. १६ उरली तेव्हा दार उघडलं. बदलताना साइटने शेवटची ८ अक्षरं गुपचूप फेकून दिली होती, लॉगिनच्या पानावर मात्र सगळी तपासत होती. हे कोणाला कसं कळावं? साधा माणूस इथेच मॅनेजरला शिव्या देऊन तो काढून टाकतो, आणि त्याचं अजिबात चुकत नाही.

माझ्या टीव्हीवर मॅनेजर नाहीच. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर. फोनच्या पडद्यावर दिसणारं ते कॅपिटल आय आहे की स्मॉल एल? शून्य आहे की ओ? फोनवर कोड स्कॅन करून लॉगिन करायची सोय काही ॲप्सनी दिली आहे, म्हणजे जमतं. मग बाकीच्यांना काय धाड भरली आहे?

आणि नवीन डिव्हाइस घेतलं की ते चक्र. मॅनेजर म्हणतो, डिव्हाइस ओळखीचं नाही, ईमेलवर कोड पाठवलाय. ईमेलचा पासवर्ड कुठे? मॅनेजरमध्ये. जुना फोन हातात असेल तर ठीक. हरवला असेल तर? रिकव्हरी कोड, म्हणजे अडकलात तर खातं परत उघडून देणारा कोड, कागदावर लिहून ठेवा, ईमेलचा पासवर्ड मॅनेजरच्या बाहेरही कुठेतरी ठेवा, हे सुरुवातीलाच अडवून सांगायला हवं. मास्टर पासवर्ड बहुतेक वेळा कंपनीलाही माहीत नसतो, तो विसरलात तर ती परत देऊ शकत नाही, हेसुद्धा.

बाबांना हे सगळं बसवून देत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “अगं, माझ्या डायरीत काय वाईट होतं?” डायरीत प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड होता, तोही स्वच्छ अक्षरांत. मी त्यांना काय सांगणार होते?

उद्या कुठला पासवर्ड फुटला की हीच मंडळी म्हणणार, लोकांना सुरक्षिततेचं गांभीर्य नाही. गांभीर्य लोकांना आहे हो! तुम्ही आधी पेस्ट चालू करा. लांब पासवर्ड घ्या, आणि घेतलात तर पूर्ण घ्या. रकान्यांना खुणा करा. यातलं एकही काम कठीण नाही, आणि एकही आमच्या हातात नाही.