रविवारच्या पॉपर स्पर्धेविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. राजारामपुरीतील आमच्या दुकानात रविवारी झालेल्या मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातील पॉपर फॉरमॅटच्या, म्हणजे फक्त कॉमन (सर्वांत सामान्य दर्जाच्या) कार्डांनी खेळायच्या प्रकाराच्या स्पर्धेविषयी आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आपल्या डेकमधील (खेळायला आणलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातील) पाथ टू एक्झाइलची चारही कार्डे आम्ही काढायला लावली, पण दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने तसेच चंदेरी, म्हणजे अनकॉमन (कॉमनच्या वरच्या) दर्जाचे चिन्ह असलेले लाइटनिंग बोल्ट खेळले तेव्हा हरकत घेतली नाही, म्हणजे नेहमीच्या मुलांना वेगळा न्याय लावला, असा आपला मुख्य आक्षेप आहे. हे नियम खेळाडूंनी घरी बसून केलेले असल्याने प्रवेशशुल्क परत मिळावे, असेही आपण म्हटले आहे.

पॉपरमध्ये हातातल्या प्रतीवरील चिन्हाचा रंग पाहत नाहीत. बंदी घातलेली कार्डे सोडली, तर ते कार्ड मॅजिकच्या कंपनीने काढलेल्या कोणत्याही संचात एकदा तरी कॉमन म्हणून निघाले आहे का, एवढेच पाहतात. लाइटनिंग बोल्ट १९९३ च्या पहिल्याच संचात कॉमन होते. आपल्यासमोर आलेली प्रत २०१८ च्या मास्टर्स २५ मधली असून त्या संचात ते अनकॉमन असल्याने चिन्ह चंदेरी आहे. पाथ टू एक्झाइल मात्र २००९ मध्ये कॉनफ्लक्स संचात अनकॉमन म्हणूनच आले आणि आजवर कधीही कॉमन झालेले नाही. शिवाय दर्जानुसार चिन्हाचा रंग बदलण्याची पद्धत १९९८ च्या एक्झोडसपासूनची असल्यामुळे त्याआधीच्या कार्डांबाबत चिन्हाचा काहीच उपयोग होत नाही, आणि म्हणूनच पहिल्या फेरीआधी आम्ही प्रत्येकाची यादी नावानिशी तपासतो. लाइफ (खेळात टिकून राहण्याचे गुण) तीनवर आलेले असताना नेमके तीनचा फटका देणारे कार्ड समोरून पडावे, याची चुटपुट कोणालाही लागेल. पण तो डाव नियमातच होता.

पॉपर खेळाडूंनीच सुरू केले, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. मॅजिक ऑनलाइन या खेळाच्या संगणकावरील आवृत्तीत खेळाडू आपसांत भरवत असलेल्या या सामन्यांना कंपनीने २००८ मध्ये तिथे मान्यता दिली, २०१९ मध्ये ऑनलाइन आणि छापील कार्डांसाठी चालणाऱ्या कार्डांची एकच यादी केली, आणि २०२२ पासून कोणत्या कार्डांवर बंदी घालायची हे ठरवणाऱ्या समितीत या फॉरमॅटचे खेळाडूच बहुसंख्य आहेत. आमच्याकडे येणारी बरीच मुले कॉलेजात शिकतात, काही इचलकरंजीहून एसटीने येतात. एका रेअर (दुर्मिळ दर्जाच्या) कार्डाच्या किमतीत यातला अख्खा डेक उभा राहत असेल, तर रविवार आम्ही याच फॉरमॅटसाठी राखून ठेवणार.

आपण दोन्ही फेऱ्या खेळलात आणि सहभागाचे पाकीटही घेतलेत, त्यामुळे शुल्क परत करता येणार नाही. पुन्हा येणार असाल तर डेकची यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर पाठवावी, आम्ही ती आधीच पाहून ठेवू. ती चार कार्डे मात्र शुक्रवारी कमांडर या मॅजिकच्याच दुसऱ्या फॉरमॅटच्या टेबलावर आणावीत. तिथे एका डेकमध्ये प्रत्येक कार्डाची एकच प्रत चालते, तेवढे ध्यानात असू द्यावे.