ऑफिसचा मेल कॉम्प्युटरला जोडायचाय? अगदी सोपं आहे

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: चूक तुमची आहे. तुम्ही अजून कशालाही हात लावलेला नाही, मान्य. तरीही तुमचीच.

ऑफिसने तुम्हाला चांगलं वेबमेल दिलंय. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, पासवर्ड टाकायचा, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नाही हे सिद्ध करायचं, की झालं. पंधरा मिनिटं झाली की ते आपणहून तुम्हाला बाहेर काढतं. सुरक्षेची केवढी ती काळजी! त्या पंधरा मिनिटांत तुम्ही लेखापरीक्षकाला दीड पानाचं उत्तर लिहीत असलात तरी काढतं, कारण टाइप करणं हे त्याच्या हिशेबात काम नव्हेच. 'पाठवा' दाबलं की थेट लॉगिनचं पान, आणि दीड पान गंगेला मिळालेलं.

तरी तुम्हाला थंडरबर्ड पाहिजे, म्हणजे मेल आपल्याच कॉम्प्युटरवर उतरवून वाचायचा प्रोग्रॅम. नेट नसताना जुना मेल उघडावा, शोधला की सापडावा, लिहिलेलं उडू नये, असल्या चैनी सुचतात. ठीक आहे. मला टेबलावर नवीन कॉम्प्युटर मिळाल्यापासून दहा दिवस मी हेच करत होतो, तेव्हा या विषयातला अधिकारी माणूस समजून ऐका.

पहिली पायरी. थंडरबर्ड उघडा. नाव, ई-मेल आणि पासवर्ड असे तीन चौकोन येतील, ते भरा. मग तो बिचारा स्वतःच शोधाशोध करतो. तुमच्या पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग घेतो, त्याच्याआधी 'आयमॅप' लावून बघतो, 'मेल' लावून बघतो, नव्या सोसायटीत फ्लॅट शोधणाऱ्या कुरिअरवाल्यासारखी दारं ठोठावत फिरतो. बऱ्या ऑफिसांत दोन-चार सेकंदांत हिरवी खूण उमटते. आमच्याकडे उमटली नाही. सर्व्हरचं, म्हणजे जिथे मेल येऊन पडतात त्या यंत्राचं, नाव तुम्हीच सांगा, म्हणाला.

घाबरू नका. पोर्टचे, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे, आकडे सगळ्या जगात तेच आहेत: मेल आणायच्या दोन पद्धती, त्यांतल्या आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवायला ५८७ नाहीतर ४६५. आयमॅप ही गोष्टच १९८६ सालची आहे, तेव्हा आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सोडा, इलेक्ट्रिक टाइपरायटरसुद्धा नव्हता. म्हणजे गुपित असं काही नाही. गुपित आहे ते फक्त आपल्या सर्व्हरच्या नावाचं, आणि ते आयटी विभागाला विचारायचं असतं.

दुसरी पायरी, म्हणून, तिकीट टाका, म्हणजे आयटीकडे तक्रार नोंदवा. मेल चालत नाही ही तक्रार मेलनेच करायची असते, हे एव्हाना तुम्हाला माहीत असेलच. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'सर, वेबमेल ओपन होतंय का?' मी लिहिलं, होतंय. 'ओके सर.' तिकीट बंद. शेरा: समस्येचे निराकरण झाले.

दुसरं तिकीट टाकलं. 'सर, कॅशे आणि कुकीज क्लिअर करून बघा.' कुठल्या? ब्राउझरच्या. ज्या एकाच जागी सगळं सुरळीत चाललं होतं, तिथल्या. केल्या. त्यामुळे बँकेचं, भविष्य निर्वाह निधीचं आणि रेल्वेचं, सगळीकडचं लॉगिन गेलं. तिकीट बंद. निराकरण झाले.

तिसऱ्या तिकिटाला एक मुलगा फोनवर आला. गोड बोलायचा. 'सर, रिमोट द्या.' दिला. माझ्या पडद्यावर माझा बाण आपोआप फिरायला लागला आणि मला वाटलं, आता उजाडणार. बाण गेला, थंडरबर्डची खिडकी खाली केली, ब्राउझर उघडला, वेबमेल उघडलं, इनबॉक्सवर दोनदा गोल गोल फिरला. 'बघा सर, चालतंय.'

निराकरण झाले.

(तिसरी पायरी सांगायची राहिली, पुढे कुठेतरी येईल.)

चौथी पायरी: सर्व्हरचं नाव शेजारच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बघून उतरवा. दोन मिनिटं लागतात.

पाचवी, प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. नाव टाकलं की इशारा येतो, या सर्व्हरचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्याच नावावर आहे. असणारच, कारण सर्व्हर भाड्याच्या जागेत आहे आणि दारावर घरमालकाची पाटी. प्रमाणपत्रावरचंच नाव सर्व्हरच्या रकान्यात टाकलं तर इशारा गप्प होतो, पण हे मला फार उशिरा कळलं. आयटीने सांगितलं, 'एक्सेप्शन कन्फर्म करा सर, काही होत नाही.' याच विभागाने महिन्यापूर्वी आम्हाला सभागृहात दोन तास कोंडून सायबर सुरक्षेवर व्याख्यान दिलं होतं. त्यातली दहावी स्लाइड: इशारा दिसला तर पुढे जाऊ नका. हजर राहिल्याचं प्रमाणपत्रही दिलं. त्यावर नाव मात्र माझं बरोबर आहे.

पाठवलेले मेल 'सेंट' आणि 'सेंट आयटम्स' अशा दोन फोल्डरांत वाटून पडतील. पडू द्या, दोन्ही आपलीच लेकरं.

'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल आली तर उघडायच्या फंदात पडू नका, पाठवणाऱ्याला फोन करा.

मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर काडी घेतलेल्या रोमन 'ए'ची पलटण दिसली, तर समजा की परिपत्रक आलं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं वाचायची पद्धत, दुरुस्त केलं की वाचता येईल, पण परिपत्रक वाचून कुणाचं भलं झालंय?

सहावी पायरी: ओळखीचा मुलगा. प्रत्येकाच्या ओळखीत 'कॉम्प्युटरमधलं सगळं येणारा' एक मुलगा असतो. आमच्या लेखा विभागातल्या मॅडमनी दोन वर्षांपूर्वी आयटीची वाट बघून बघून तो बोलावला. आला, पाच मिनिटांत जोडून दिलं, चहासुद्धा घेतला नाही. गुणी मुलगा. फक्त त्याने आयमॅपऐवजी पॉप निवडलं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, तुम्ही खिडकीतून बघता. पॉप म्हणजे टेम्पो. येतो, घर रिकामं करतो, सामान तुमच्या दारात उतरवतो. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात टिक असेल तर ठेवतो, नसेल तर झाडूनपुसून नेतो. टिक नव्हती. आठ वर्षांचे मेल, बँकेची पत्रं, अनुदानाच्या मंजुऱ्या, लेखापरीक्षकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरच्या एका डब्यात येऊन पडलं. मॅडम खूश. तीन महिन्यांनी डब्यातली डिस्क टक-टक वाजायला लागली आणि एका सोमवारी वाजायचीही थांबली.

वेबमेल उघडलं तर इनबॉक्समध्ये एकच मेल: तुमचा मेलबॉक्स आता शून्य टक्के भरला आहे असं तरी म्हणावं, तेही नाही, कुठल्याशा इन्शुरन्सची जाहिरात. आयटीने लॉग काढून दाखवला. 'मॅडम, तुमच्याच बाजूने डिलीट झालेत.' बॅकअप? 'बॅकअप होतो ना, पण सात दिवसांचा.' निवृत्तीला दीड वर्ष उरलेली बाई, रोज साडेपाचनंतर थांबून ज्याला त्याला फोन करायची, 'अहो, मी तुम्हाला एकोणीस साली एक मेल पाठवला होता, तो मला परत पाठवाल का?' स्वतःचेच मेल लोकांकडून मागून आणत होती. आणि त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला जे सापडलं ते त्याने निवडलं. ज्यांना पगार मिळतो त्यांनी 'आयमॅप घ्या, पॉप घेऊ नका' ही एक ओळ कुठेही लिहून ठेवली नव्हती. आजही नाही.

असो. उपरोध चालला होता ना आपला.

तर तिसरी पायरी, पासवर्ड. सगळं भरून झालं की थंडरबर्ड म्हणेल, युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. युजरनेम म्हणजे अख्खा ई-मेल की ॲटच्या आधीचा भाग? दोन्ही करून बघा. मग पासवर्ड बदला. नवा पासवर्ड जुन्या पाचांसारखा चालत नाही, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, मोठं अक्षर हवं. तो कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवा, सगळे तिथेच ठेवतात. एवढ्यात तुमच्या खिशातला फोन जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवत असतो, पाच वेळा वाजवतो आणि खातं अर्ध्या तासासाठी लॉक होतं. मग वेबमेलही बंद. आता मात्र आयटी म्हणू शकत नाही की वेबमेल चालतंय! हा दहा दिवसांतला माझा एकमेव विजय.

मी चार वेळा पासवर्ड बदलला. चार वेळा. चौथ्यात तर घरच्या कुत्र्याचं नाव घातलं, म्हटलं निदान ते तरी इमानी आहे.

दहाव्या दिवशी खालच्या टपरीवर तो रिमोटवाला मुलगा भेटला. आवाजावरून ओळखला. सहज विषय निघाला तर कटिंगचा घोट घेत म्हणतो, 'अहो सर, तुमचं आयमॅप बंदच असणार. डिसेंबरमध्येच सगळ्यांचं बंद केलंय, सिक्युरिटीसाठी. ज्याला लागेल त्याचं चालू करून देतो.' मी म्हटलं, मग तीन तिकिटं टाकली त्याचं काय? 'तुम्ही आयमॅप चालू करा असं लिहिलं नव्हतं ना. थंडरबर्ड चालत नाही असं लिहिलं होतं.' फोन काढला, ॲडमिनचं पान उघडलं, माझं नाव शोधलं, एका चौकोनात टिक केली. माझा चहा अजून गरम होता.

वर गेलो. मेल धडाधड उतरत होते.

एक टिक! पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. बंद असलेल्या दारावर 'बंद आहे' असं लिहायच्या ऐवजी 'तुमची किल्ली खोटी' असं लिहिलेलं, आणि मी दहा दिवस किल्ल्या घासत बसलो.

सुरक्षेसाठी बंद केलं, ते चूक असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टनेही १ ऑक्टोबर २०२२पासून जुन्या प्रोग्रॅमना नुसत्या पासवर्डवर आत सोडणं बंद करायला घेतलं. पासवर्ड चोरीला जातात, कारण पटतं. पण त्यांनी ते आधी वर्षभर सांगितलं होतं, तारीख दिली होती, ऐवजी काय करायचं तेही लिहिलं होतं. आणि आयटीवाल्यांनो, तुम्ही काय केलंत? डिसेंबरमध्ये गुपचूप बंद केलंत आणि मार्चमध्ये मला कुकीज साफ करायला लावल्यात!

अहो, तुम्हाला जादू नाही करायची. सर्व्हरचं नाव, दोन पोर्ट, युजरनेम अख्खं की अर्धं, आयमॅप चालू आहे की बंद, बंद असेल तर अर्ज कुणाकडे. पाच ओळी आहेत. पोस्टकार्डावर मावून वर 'कळावे, लोभ असावा' लिहायला जागा उरेल. हे तुमच्या डोक्यात आहे, ॲडमिनच्या पानावर आहे, टपरीवर आहे, फक्त ज्यांना लागतं त्यांच्यापर्यंत नाही. आणि न सांगता वर आम्हालाच विचारता, 'सर, तुम्हाला वेबमेल का नको?' लाज वाटायला हवी थोडी. त्या मॅडमची आठ वर्षं गेली तरी एक कागद लिहावासा वाटला नाही तुम्हाला.

लिहा आता. आजच लिहा, आणि जिन्याजवळच्या सूचना फलकावर लावा. तिथे अजून २०२३च्या सहलीची नोटीस आहे, ती काढली की जागा होईल.